बाजूची खुर्ची

“तारण कशानं मिळतं?” भाऊरावांनी विचारलं.

“विश्वासानं, कर्मांनी नव्हे,” एस्तेरनं घडाघडा सांगितलं आणि पाय हलवत पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसली.

उत्तर चोख होतं. इतकं चोख, की भाऊरावांना त्याचीच धास्ती वाटली. समोर नऊ वर्षांची नात, तिच्या मागे सून शुभा, आपल्या शेजारी पाळकसाहेब, आणि कांजूरमार्गच्या त्या भाड्याच्या हॉलच्या गच्चीवर बाप्तिस्म्यासाठी भरलेली, वरचं तोंड कापलेली काळी टाकी. टाकी त्यांनीच पहाटे भरली होती. अठ्ठावीस वर्षं त्यांनी महापालिकेत चावीवाला म्हणून गल्लोगल्ली पाणी सोडलं. चर्चच्या मंडळीनंही तेच काम त्यांच्या गळ्यात घातलं. शिवाय वडीलमंडळात असल्यामुळे मुलांना प्रश्न विचारायचं कामही त्यांचंच. मंडळीत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नसत. मुलानं स्वतः मागायचा, आणि त्याला समजलंय असं वडीलमंडळातल्या एकानं सांगायचं.

सत्तावीस वर्षांपूर्वी असाच त्यांचा मुलगा विकी समोर बसला होता. महिनाभर प्रश्नोत्तरांच्या वहीतली उत्तरं त्याच्याकडून घोटून घेतली होती, आणि छाती फुगवून “तयार आहे” म्हणाले होते. सतराव्या वर्षी विकीनं उपासनेला येणं सोडलं. भांडण नाही, तंटा नाही. फक्त एकदा म्हणाला, “पप्पा, तुम्ही समोर बसला होतात ना. नाही कसं म्हणणार होतो?” ते वाक्य भाऊरावांना अजून झोपू देत नसे.

आणि तरी गेल्या महिन्यात शुभानं वही मागितली, तेव्हा या शहाण्या माणसानं धूळ झटकून तीच वही काढून दिली.

आता पांढरा फ्रॉक शिवून तयार होता, शुभाच्या माहेरची माणसं मुलुंडहून निघाली होती, केक आला होता. एवढं जमल्यावर नको म्हणायची आपली छाती नाही, असं भाऊरावांचं स्वतःबद्दल स्पष्ट मत होतं. ते उठले. खुर्ची उचलून नातीच्या बाजूला ठेवली, तिला आपला चेहरा दिसू नये अशी, आणि बसले.

“हे वहीत नाही हं. आज तू नाही म्हणालीस तर कोण रागावेल?”

एस्तेरचे पाय थांबले. “मम्मी. आणि तुम्ही पण.”

“मी नाही रागावणार.”

तिनं भिंतीकडे बघतच विचारलं, “मग पुढच्या वर्षी चालेल? येशू मला आवडतो. पण मी प्रार्थना करते ना, ती मम्मीची असते. माझी मला अजून येत नाही.”

“अजून तयार नाही,” भाऊराव पाळकसाहेबांना म्हणाले. आवाज कापेल असं वाटलं होतं, कापला नाही. उलट इतकं सुटल्यासारखं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. पाळकसाहेबांनी मान डोलावली, म्हणाले, आम्हाला कसली घाई आहे. शुभाचा चेहरा मात्र उतरला. माहेरच्यांना काय सांगू, असं ती पुटपुटत होती, तेवढ्यात एस्तेरनं हळूच विचारलं, केक मिळेल ना. शुभाला हसू आवरेना. तिनं लेकीला जवळ ओढलं.

उपासना संपल्यावर भाऊराव टाकी उपसायला गच्चीवर गेले. बायको-मुलीला न्यायला आलेला विकी नेहमी खालीच, स्कूटरवर थांबायचा. आज जिना चढून वर आला.

“नाही म्हणाली म्हणे. तुम्ही काय केलंत?”

“बाजूला बसलो.”

विकीनं पँट दुमडली, बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात टाकीत घातला.

“माझ्या वेळी पाणी लय गार होतं, पप्पा.”

“सांगायचंस की रे.”

“आता सांगतोय,” विकी म्हणाला आणि दुसरी बादली उचलली.