वरातीत झिजलेली लाल गाडी

ठकठक, ठकठक. फार वर्षांपूर्वी निजामपुऱ्याच्या गल्लीत पहिल्यांदा शिरले, तेव्हा हा आवाज ऐकला. भिंतींआड यंत्रमाग चालले होते. मला वाटलं, आपल्यासारखंच कुणीतरी इथे धावतंय. मग कळलं, ते जागच्या जागी धावतात. पुढे माझंही तेच झालं.

मी एक दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार. पळण्यासाठी जन्मले. पहिल्या मालकानं वर्षभर हायवेवर पळवलं. मग त्याच्या कंबरेला मी सोसेना, म्हणून मनोजला विकली. मनोज लग्नांना गाड्या भाड्यानं देतो.

तेव्हापासून मी वरातीत आहे. पुढे बेंजो, मध्ये नाचणारी माणसं, त्यांच्यामागे मी, म्हाताऱ्याच्या चालीनं. तीन-तीन तास. मध्येच कुणी ओरडायचं, "मनोजशेठ, आवाज काढा की जरा!" मग गिअर न टाकताच ॲक्सिलरेटर दाबून मला ओरडायला लावायचं. लोक खूश. बॉनेटवर झेंडूच्या माळा चिकटपट्टीनं लावायचे, आणि काढताना माझा रंगही निघायचा.

अशानं आत काजळी धरली. पाय दाबला की मी लगेच पुढे होत नाही. क्षणभर अडखळते, मग निघते. वरातीत ते कुणाला कळत नाही.

गेल्या रविवारी उन्नती मला बघायला आली. पूर्णा गावात, गोदामांच्या मागे मनोजची शेड आहे. उन्नती कॉलेजात शिकवते. लहानपणापासून तिला अशी गाडी हवी होती. सोबत तिच्या वडिलांचा जुना दोस्त केसरीनाथ, सत्तरीचा मेकॅनिक. तरुणपणी तो माग दुरुस्त करायचा, मग इंजिनांकडे वळला.

तिनं दार इतकं हळू उघडलं, की मला वाटलं, ही मला नेईल. हिच्याकडे मी पळेन.

केसरीनाथनं बॉनेटवर तळहात ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"गरम कशी रं ही?"

"तुमच्यासाठीच चालू करून ठेवलेली, काका. एकदम मक्खन चलती है."

"मक्खन थंड झाल्यावर बघू. बसतो मी. चहा सांग."

उन्नती हसली. "बिस्किटंही सांगा, मनोजदादा. काका आता उठत नाहीत."

दोन तासांनी चावी फिरवली. मी खोकले. मागे निळसर धूर निघाला. केसरीनाथनं तो नीट पाहिला.

केसरीनाथला शेजारी बसवून खारबावच्या रस्त्यावर उन्नतीनं मला चालवलं. पुढे एक कंटेनर होता. त्याला मागे टाकायला ती बाजूला आली आणि तिनं पाय दाबला. मी जिवाच्या आकांतानं प्रयत्न केला, पण अडखळलेच. समोरून टेम्पो आला. तिनं ब्रेक मारला आणि कशीबशी पुन्हा कंटेनरच्या मागे घेतली. मग तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट आवळलं, ते शेड येईपर्यंत सैल केलं नाही.

शेडमध्ये केसरीनाथनं बॉनेट उघडलं. लांब पेचकसाचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली. डोळे मिटून ऐकत राहिला. हवेची नळी काढून आत बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट.

"काजळी धुता येते," तो म्हणाला. मला धीर आला.

मग प्लग काढून त्यानं दाब मोजला. दोन सिलिंडर दमलेले. काचेखालच्या खाचेतून त्यानं पिवळे तांदूळ उचलले. अक्षता.

"मनोज, किती वराती काढल्यास हिच्या?"

मनोज मोबाइलकडे बघत म्हणाला, "धंदा आहे, काका."

"पळायचं जनावर नाचवलंस तू."

उन्नती हळूच म्हणाली, "काका, धुऊन नाही का होणार? मला आवडलीय हो ती."

त्यानं एकदाच 'होईल' म्हणावं, असं मला फार वाटलं. तो माझ्याकडे बघत राहिला.

"आतनं झिजलीय, पोरी. पुन्यांदा अडखळली तर टेम्पो थांबायचा न्हाय. न्हाय घ्यायची."

उन्नतीनं मान हलवली आणि ती बाहेर रिक्षा बघायला गेली. मला राग आला नाही. तिचे हात आठवले. बरंच झालं.

"जाऊ दे," मनोज म्हणाला. "गुरुवारी वरात आहेच हिला."

गुरुवारच्या नवरदेवा, तुला एवढंच सांगणं. माळा उतरल्या की एकदा मला रिकाम्या रस्त्यावर सरळ जाऊ दे. हळू का होईना.

केसरीनाथनं बॉनेट आपटलं नाही. दोन्ही हातांनी दाबून बंद केलं. खिशातलं फडकं काढून त्यानं चिकटपट्टीचा एक जुना डाग पुसला. डाग निघाला नाही, तरी पुसत राहिला. मग फडकं घडी करून खिशात ठेवलं, आणि चालू लागला.