माहेरचं पाणी

बायको मालनबाई काविळीनं गेल्याचा निरोप दवाखान्यातून आला, त्या दिवशी पुंजारामनं घरातलं सगळं पाणी मोरीत ओतून दिलं.

त्याची लेक मनीषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. दुखवट्याला आलेली विहीण स्पष्टच म्हणाली, "व्याहीबुवा, पाठवायला ना नाही. पण पाणी उकळणार कोण? तुम्हाला गॅस कुठं पेटवता येतो?"

मालनबाईमागं लेकही तुटते की काय, या धास्तीनं पुंजारामनं द्वारका चौकातलं फिल्टरचं दुकान गाठलं. दुकानदारानं पाणी शुद्ध करायचं विजेवरचं मशीन पुढं केलं.

"आमच्याकडं नळ येतो तेव्हाच लाईट जाते," पुंजाराम म्हणाला. "तोवर जंतूंनी काय थांबून राहायचं?"

दुकानदार हसला. त्यानं कँडलचा स्टीलचा फिल्टर दाखवला. वर पाणी ओतायचं, ते गळून खाली येतं. पुंजारामनं तोच घेतला.

रविवारी विहीण मनीषाला घेऊन पाहायला आली. पेलाभर पाणी पिऊन म्हणाली, "कोमट का लागतंय?"

"उकळून ओतलंय. नुसत्या कँडलवर माझा भरवसा बसेना."

"म्हणजे गॅस पेटला म्हणायचा," विहीण हसली आणि सुनेकडं वळली. "राहा गं इथंच. पिशवी आत ने."

मनीषा पिशवी घेऊन आत गेली. कित्येक दिवसांनी पुंजारामला मोकळा श्वास घेता आला. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू कोण करणार, हे मात्र अजून ठरायचं होतं.