अर्धी सुई

मशीनची सुई मोडली की तिचा तुकडा न् तुकडा सापडेपर्यंत काम बंद, असा थोरलीचा नियम होता. उमेदीची वर्षं कपड्यांच्या कारखान्यात घालवून तिने तिथून एवढी एकच गोष्ट घरी आणली होती आणि तिच्यापायी धाकट्या जावेला सळो की पळो करून सोडलं होतं. धाकटीची सुई मोडली की थोरली कमरेवर हात ठेवून उभी, आणि धाकटी गुडघ्यांवर रांगत फरशी चाचपतेय.

दोघी मिळून शिवायच्या भेटवस्तूंच्या कापडी पिशव्या. भेटवस्तूवर गुंडाळायच्या चकचकीत कागदाचं आयुष्य ते केवढं, तर कुणाचं नख लागेपर्यंत. पुढे कचऱ्याचा डबा. यांची पिशवी अस्तराची, नाडीची, आणि आत शिवलेली पट्टी: 'ठेवून घेऊ नका, पुढे द्या.' पट्टीची कल्पना थोरलीचीच, आणि त्याबद्दल तिला केवढा तोरा. बाजारातल्या भेटवस्तूंच्या दुकानवाल्या बाई शिवून होतील तेवढ्या पिशव्या उचलत होत्या.

पण थोरलीच्या डोळ्यांपुढे हल्ली धुकं यायचं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा गेल्यापासून ती दिराच्या घरात राहत होती, आणि मशीनवर बसलेल्या बाईला कुणी 'पोसतो' असं म्हणत नाही. मशीन सुटलं तर आपण या घरात कोण?

मग एका दुपारी निळ्या फुलांच्या पिशवीवर तिची सुई मोडली. टोक गायब. तिने फरशीवर लोहचुंबक फिरवलं, अस्तर झटकलं, डोळे फाडफाडून पाहिलं. धाकटीने आतून विचारलं, तेव्हा ती ठसक्यात म्हणाली की सापडलं. पिशवी पूर्ण झाली आणि बाकीच्यांबरोबर दुकानात गेली.

त्यानंतर थोरलीला अन्न गोड लागेना. टोक फरशीच्या फटीत गेलं असेल, असं ती स्वतःला बजावत राहिली. आणि आज नाड्या ओवता ओवता धाकटी कौतुकाने सांगू लागली की त्या निळ्या पिशवीने नशीब काढलं; दुकानवाल्या बाईंनी तीत झबली घालून भाचीच्या तान्ह्या मुलीला पाठवली.

थोरलीने मशीन थांबवलं. ती म्हणाली, "त्या सुईचं टोक मला सापडलं नव्हतं गं. मी खोटं बोलले."

धाकटीने तडक चपला घातल्या.

वाटेत दोघींनी दुकानवाल्या बाईंकडून भाचीचा पत्ता घेतला. भाचीचं घर वरच्या मजल्यावर होतं. भाची हसून म्हणाली की पिशवी तिने पट्टीवर लिहिल्याप्रमाणे लगेच पुढे दिली, मागच्या गल्लीतल्या मैत्रिणीला. तिलाही नुकतंच बाळ झालंय. आपल्याच पट्टीचा थोरलीला असा राग आला की तोंडात शिवी आली. गल्लीभर ती अक्षरशः पळाली, एकदा पायरी न दिसून पडली, उठली.

मैत्रिणीने दार उघडलं. पाळण्यात बाळ झोपलं होतं, आणि त्याच्या डोक्याखाली मऊ कापड भरलेली निळ्या फुलांची पिशवी होती.

पिशवीचा रंग जातोय, असं काहीतरी सांगायचं थोरलीने येता येता ठरवलं होतं. पण ते चिमुकलं डोकं पाहून तिची जीभच वळेना. "बाळाला उचल," ती म्हणाली. "पिशवीत सुई असेल. माझ्या हातची."

आईने झडप घालून बाळ उचललं, त्याची मान, कान, टाळू पुन्हा पुन्हा पाहिली. बाळ धडधाकट होतं, झोपमोड झाली म्हणून रडत होतं. थोरलीने पिशवी रिकामी करून उलटी केली आणि शिवणीवरून बोटं फिरवली, एकदा, मग आणखी सावकाश. तिचा जीव भांड्यात पडला. "नाही," ती म्हणाली. "काही नाही यात."

धाकटीने पिशवी तिच्या हातातून घेतली, खिडकीशी नेली आणि तळाच्या शिवणीतून चिमटीने टोक ओढून काढलं.

थोरलीची बोटं त्याच शिवणीवरून दोनदा गेली होती. सुया टोचून टोचून त्यांची कातडी एवढी निबर झाली होती की त्यांना आता काहीच कळत नव्हतं. आणि घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पिशवीवर तपासणीचा शेवटचा हात तिचाच असायचा. तो हक्क तिने धाकटीला कधी दिलाच नव्हता.

"मला दिसत नाही," ती म्हणाली. "बरेच दिवस झाले. दुकानात सांग, सगळ्या पिशव्या परत मागवा."

"सगळ्या?" धाकटीने विचारलं. "ताई, त्या आता कुणाकुणाकडे गेल्या असतील, कोण सांगणार?"

थोरली त्या परक्या घरात खाली बसली आणि पाळण्याचा कठडा धरून रडू लागली.