कायम न झालेलं पान

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. लाल कापडी पाठीची, एका कोपऱ्यात झुरळानं चाखलेली. येरवड्यातल्या एका सोसायटीच्या सभांचा वृत्तांत माझ्यात लिहिला जाई. पुढच्या सभेत तो वाचायचा, सगळ्यांनी माना डोलावल्या की अध्यक्षांनी खाली सही करायची. याला 'इतिवृत्त कायम करणे' म्हणतात. माझं एकच पान कायम झालं नाही.

१९९४ सालची गोष्ट. अध्यक्ष होते भीमराव. पोस्टातले, शिस्तीचे, जिभेनं जरा तिखट. अंगणातली विहीर स्लॅब टाकून झाकायची आणि तिथं स्कूटरी लावायच्या, असं सगळ्यांच्या मनात होतं. भीमराव उभे राहिले.

"नळाला पाणी आहे म्हणून विहीर झाकताय. पुण्याला पाणी जन्मभर पुरेल असं कुणी लिहून दिलंय का?"

इथवर लोकांनी ऐकलं. पण पुढे ते म्हणाले, "या हिराबाईंकडे बघा. रोज नळी लावून जिना धुतात!"

हिराबाई ताडकन उठल्या. "अहो अध्यक्ष, तुम्हीही त्याच जिन्यानं चढता. उद्यापासून उडत जा!"

सभा हसली आणि उठून गेली. पुढच्या सभेत सगळे म्हणाले, ते भाषण काढून टाका. भीमराव म्हणाले, "झालं तेच लिहिलंय." भाषण निघालं नाही, सही झाली नाही. भीमरावांनी राजीनामा दिला, विहिरीवर स्लॅब पडला. एकाच जिन्यात राहून भीमराव आणि हिराबाईंचं बोलणं मात्र थांबलं ते थांबलंच.

मी कपाटात गेले. डोक्यावर डासांच्या औषधाचा पंप, खाली फुटका कॅरम. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

यंदा उन्हाळ्यात रोज टँकर यायला लागला. नवी अध्यक्ष कल्याणी विहिरीचे जुने कागद शोधत होती, तिला मी सापडले. ते पान तिनं उभ्याउभ्या दोनदा वाचलं आणि भीमरावांचं घर गाठलं. ते आता शहाऐंशीचे.

"काका, हे पान सभेपुढे आणू?"

"आण. पण लवकर आण."

रविवारी सभा भरली. फाटकात टँकरची मोटर घरघरत होती, म्हणून कल्याणीला भाषण मोठ्यानं वाचावं लागलं. या वेळी कुणी हसलं नाही. माना डोलू लागल्या, तेवढ्यात भीमराव काठी टेकत उठले.

"माझी दुरुस्ती आहे. पाण्याचं बोललो ते राहू द्या. पण एका बाईचं नाव चारचौघांत घेतलं, ते चुकलं. नाव खोडा."

"काही खोडू नका," मागून हिराबाई म्हणाल्या. "धूत होतेच मी. जिना चकचकीत असायचा, तेवढं पण लिहा."

पान कायम करायच्या ठरावाला सूचक म्हणून हिराबाईंचंच नाव लागलं. कल्याणीनं सही केली. विहीर उघडायचा विषय पुढच्या सभेवर गेला. एका सभेत दोन चुका कबूल करायची आमच्याकडे पद्धत नाही.

मित्रांनो, जुन्या वह्यांना अधूनमधून ऊन दाखवा. न आवडलेलं बोलणं फाडू नका, नीट लिहून ठेवा. आणि ते परत वाचायला तीस वर्षं लावू नका. बोलणारा स्वतःच्या पायांनी सभेला येऊ शकतो, तोवर वाचा.