अत्तर घातलेला बेडका

पातूरच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं बेडके तपासले. लोकांना या कामाची किळस वाटते, मला कधी वाटली नाही. मला राग येतो तो लाळ आणणाऱ्यांचा. क्षयाचे जंतू छातीत असतात, तोंडात नाही, म्हणून खाकरून काढलेला घट्ट बेडका लागतो. हे मी रोज दहादा सांगायची आणि लोक रोज फेसाळ थुंकी घेऊन यायचे.

२००६ साली गयासुद्दीनभाईंनी तर कमालच केली. भाई शिंपी. त्या वर्षी कापूस मातीमोल झालेला, त्यामुळे नवे कपडे शिवायला कोणी येत नव्हतं. त्यात त्यांना क्षय निघाला. दोन महिने त्यांनी एक गोळी चुकवली नाही. आता बेडका साफ निघाला, तर नातीला हातात घ्यायला डॉक्टर परवानगी देणार होते. लेक जेबा बाळंतपणाला आलेली, पण बाळाला धोका नको म्हणून समोर चुलत्याच्या घरी राहत होती. चाळीस दिवसांची ही नात, फलक, भाईंनी पाहिली होती ती गल्लीच्या पलीकडून. आणि उद्या दुपारच्या गाडीने जेबा सासरी, बुऱ्हानपूरला निघणार होती.

त्यांची बेडक्याची डबी उघडली आणि खोलीभर गुलाबाचा वास सुटला.

"गयासभाई, हे काय आहे?"

"अत्तर हाय बाई," ते खिडकीतून संकोचून म्हणाले. "तुमी इतक्या शिकल्यासवरल्या, तुमच्या हातात अशी घाण द्याची म्हंजे... मले लाज वाटते न."

मी कपाळावर हात मारला. तरी काच तयार केली, लाल रंग तापवला, आम्लाने धुतलं, वर निळा रंग दिला. अत्तराच्या तेलामुळे बेडका काचेला चिकटलाच नव्हता, धुताना सगळा वाहून गेला. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू असले तर लाल काड्या दिसतात, आणि जंतू नसले तरी छातीतल्या पेशी निळ्या दिसायला हव्यात. इथे काहीच नव्हतं.

"लाल काही दिसते का?" भाईंनी विचारलं.

"नाही."

"मंग झालं की! अल्लाचा शुकर!"

नुसतं 'निरंक' लिहिलं असतं तर माणूस नाचत घरी गेला असता. तुम्हाला खोटं वाटेल, मी त्यांच्यावर ओरडलेच. "काय झालं? काच रिकामी हाय! रिकाम्या काचेवर मी तुमची नात तुमच्या हातात देऊ काय? तिले काही झालं तर कोणाच्या जिवाले घोर लागन?"

ते खाली बसले. मग मलाच वाईट वाटलं. त्यांना मोकळ्या अंगणात नेलं, लांब उभी राहिले, आणि तीनदा खोल श्वास घेऊन खाकरायला लावलं. "लाजू नका. मले घाणच पाहिजे." एक डबी तिथेच भरली, दुसरी उद्या सकाळची आणायला दिली.

पहिली साफ निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या डबीवर मी एवढा वेळ घातला की मान धरली. शंभर जागा पाहिल्या, मनाचं समाधान होईना म्हणून आणखी पन्नास. निळ्या पेशी भरपूर, लाल काडी एकही नाही. कागद घेऊन डॉक्टरांकडे धावले. त्यांनी हो म्हटलं, तशी बाहेर थांबलेल्या भाईंना जाऊन सांगितलं.

फाटकाबाहेर भाईंची बायको रजियाबी, जेबा आणि बाळ सामान घेऊन उभीच होती. बाळाला दवाखान्यापाशी आणलं म्हणून मी रजियाबींवरही खेकसले. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी फलकला उचललं आणि भाईंच्या हातात दिलं.

भाईंनी तिला नीट धरलं आणि तोंड पूर्ण दुसरीकडे फिरवलं. दोन महिने माणसं दिसली की ते असंच करत आलेले. नात छातीशी आणि नजर एस.टी. स्टँडकडे.

"तिकडं काय पायता?" रजियाबी म्हणाल्या. "इकडं पाहा न. आता पायता येते."

त्यांनी हळूच मान वळवली. मी आत पळाले. रडताना कोणी मला पाहिलेलं मला चालत नाही.