सरव्याची परवानगी

पुंजारामनं भुईमुगाचं झाड मुळासकट उपटलं, माती झटकली आणि कंबर सरळ करायला वर पाहिलं, तर बांधावर वाल्टर उभा. शेजारी हवालदार अप्पाराव. मागं गाडीवाटेवर पोलिसांची जीप.

ओळीतल्या चार बायांचे हात थांबले. झुंबरबाईनं पदर पुढं ओढला. नऊ वर्षं हर्सूलच्या तुरुंगात काढलेला माणूस असा भरदुपारी पुढ्यात येऊन ठाकेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"भिऊ नका," अप्पाराव म्हणाला. "सुटला तो. उद्या मुंबईला नेऊन इमानात बसवायचाय, त्याच्या मुलखात. शेत एकदा पाहतो म्हनला, म्हनून आणला. जल्दी करा फक्त."

वाल्टर अमेरिकेचा. पंच्याऐंशी साली बियाण्याच्या एका कंपनीत नोकरीला म्हणून जालन्याला आला, वर्षभरात नोकरीला लाथ मारली आणि हसनाबादजवळ या आठ एकरांत घर बांधून राहिला. परदेशी माणसाला शेतजमीन घेता येत नाही, म्हणून पैसे त्याचे आणि सातबारा त्याच्याकडं राबणाऱ्या पुंजारामच्या नावावर. कागद सरकारचा, जमीन माझी, असं तो छातीठोकपणे सांगे. सरकार म्हणजे सगळ्यात मोठा दरोडेखोर, हे त्याचं पालुपद. भोकरदनच्या बाजारात ओट्यावर चढून मोडक्यातोडक्या मराठीत ओरडायचा, की कर भरू नका, परवाने फाडा, माल वाटेल तिथं विका. काहींना तो देवमाणूस वाटला, काहींना ठार वेडा. चहाला मात्र दोन्हीकडचे लोक त्याच्याकडं जात. मागा, देईन, पण न विचारता काडी उचलली तर ती चोरी, एवढा एकच कायदा तो मानायचा. रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक आणली, तीही बिनपरवान्याची.

आता आमच्याकडं सरवा न विचारताच वेचायचा असतो. पीक निघालं, की मातीत राहिलेल्या शेंगा ज्याच्या हाताला लागतील त्याच्या. गरिबाघरच्या बाया कुणाच्याही रानात शिरतात. मालक बघतो आणि बघत नाही. हे वाल्टरला कुणी समजावलं नव्हतं, आणि समजावून त्याला पटलंही नसतं. गावातल्या नूरबीची सून खैरुनबी मात्र त्याच्या तारेच्या कुंपणाला भ्यायली. तिनं रीत मोडून पुंजारामला विचारलं. सातबाऱ्यावर नाव असलेला पुंजाराम तेवढ्यानं फुगला. "जा की खुशाल," म्हणाला, "साहेबाला मी सांगून ठेवतो." दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. तो राजूरला गणपतीला गेला आणि सांगायचं राहून गेलं. कुंपणाच्या आत वाकलेल्या बाईवर वाल्टरनं बंदूक झाडली. जालन्याला नेता नेता खैरुनबी वाटेतच संपली.

कोर्टात वाल्टरच्या वकिलानं विचारलं, की तिला कुणी परवानगी दिली होती का. हो म्हणावं तर आपणही अडकू, अशी पुंजारामला भीती वाटली. "मी कुणालाच काही बोललो नव्हतो," तो म्हणाला. त्या एका वाक्यानं खैरुनबी चोर ठरली. वाल्टरला जन्मठेप व्हायची, ती दहा वर्षांवर भागली.

"पुंजाराम, आत येऊ?" वाल्टरनं बांधावरूनच विचारलं.

"या ना साहेब. तुमचंच हाय."

"नाही. आता तुझं."

तो आला. अंगावरचा सदरा त्याला दोन मापं मोठा होत होता. हात पुढं बांधून तो उभा राहिला, तुरुंगात साहेबापुढं उभं राहतात तसा.

"एकच विचारायचं आहे. तिला तू ये म्हणाला होतास? खरं सांग. आता कोर्ट नाही. तुला काही होणार नाही."

पुंजाराम हातातल्या झाडाची एक एक शेंग तोडू लागला.

"मी रोज स्वतःला सांगतो, ती चोर होती," वाल्टर म्हणाला. "तू तिला ये म्हणाला असशील, तर माझ्याच कायद्यानं मी खुनी आहे. ते मला कळलं पाहिजे."

खरं बोलावं असं पुंजारामला फार वाटलं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण समोर हवालदार होता, चार बाया कान देऊन होत्या, आणि नऊ वर्षांत पुंजाराम गावात भला माणूस म्हणून रुळला होता.

"न्हाई साहेब. म्या कुनालाच काही बोललो नव्हतो."

वाल्टरनं डोळे मिटले. मान हलवली आणि अप्पारावच्या मागं जीपकडं चालू लागला.

बांधावरच्या बाभळीखाली नूरबी सकाळपासून पिशवी घेऊन बसली होती. दर वर्षी यायची, गुमान वेचायची, जायची. वाल्टर तिच्या अगदी जवळून गेला, तरी त्यानं तिला ओळखलं नाही. ती उठून कडेला आली.

"ये की, नूरबी," पुंजाराम घाईघाईनं म्हणाला. "हिकडचं सगळं निघालंय."

"दर साल न विचारता येते, पुंजारामभाऊ. आज विचारून राह्यले. येऊ का?"

"सरव्याला कुनी विचारतं व्हय?"

"आमच्या खैरुननं विचारलं होतं." नूरबीचा आवाज चढला नाही. "निघताना मला सांगून निघाली. अम्मा, पुंजारामभाऊ साहेबाला सांगनार हायेत, बिलकुल भ्यायचं न्हाई. कोर्टात माझं कुनी ऐकलं न्हाई. ऐकीव म्हनले. मंग नऊ साल मी तुमच्या रानात येऊन राह्यले, कधी तरी तुमच्या तोंडून निघंल म्हनून."

गाडीवाटेवर ड्रायव्हर जीप वळवत होता.

"अजून गेला न्हाई तो," नूरबी म्हणाली. "हाक मारा."

हाक सहज पोचली असती. पुंजारामनं जीपकडं पाहिलं, बायांकडं पाहिलं. मग तो खाली वाकला आणि त्यानं पुढचं झाड उपटलं. जीपचा आवाज लांब जाऊन विरेपर्यंत तो झाडं उपटतच राहिला.

मान वर केली, तेव्हा ओळ मोकळी होती. चौघी बाया बांध चढत होत्या. झुंबरबाईनं नूरबीचा दंड धरला होता. कुणी मागं वळून पाहिलं नाही.

उरलेला भुईमूग पुंजाराम आणि त्याची बायको द्वारकाबाई, दोघांनीच काढला. त्या वर्षी त्या रानात सरव्याला कुणी आलं नाही. मागून गहू पेरला आणि पाणी दिलं, तसा मातीत राहिलेला भुईमूग गव्हाच्या ओळींतून शेतभर उगवून आला. खुरपायला गावात बाई मिळेना. दोघं खुरपी घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी द्वारकाबाईनं खाली मान घालूनच विचारलं,

"तुम्ही म्हनले होते का तिला, ये म्हनून?"

"हो," पुंजाराम म्हणाला.

ऐकायला रानात दुसरं कुणीच नव्हतं.