गेनशो गुरुजींची जांभळी पुरचुंडी

ऑगस्टातल्या रविवारी सकाळी दहालाच रेस-ट्रॅकमागच्या आवारात गाड्यांची रांग लागली होती. बॉनेटं उघडी, मालक घामाघूम. पांढऱ्या झग्यातले गेनशो गुरुजी एका लाल गाडीसमोर हात जोडून उभे होते.

"इंजिन तापलेलं नाही बाळांनो, रागावलंय! तुम्ही जास्त वेगासाठी त्याच्या अंगात टर्बो घातलात. त्याची परवानगी घेतली होती का?"

कुणीच घेतली नव्हती. माना खाली गेल्या.

"आता डोळे मिटा. राग बाहेर पडताना जो बघेल, त्याची दृष्टी जाईल."

पन्नास माणसांनी डोळे गच्च मिटले. गुरुजींनी इंजिनावर कापड टाकलं, खाली हात घातला, मंत्र पुटपुटले. "उघडा!" इंजिनापाशी एका वायरीला जांभळी रेशमी पुरचुंडी लटकत होती आणि चालकासमोरचा, लाल रेघेला टेकलेला तापमानाचा काटा सरसर उतरत मधोमध येऊन थांबला होता. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तोमोए आपल्या व्हॅनच्या पायरीवर बसून हे बघत होती. तिने डोळे मिटले नव्हते आणि तिची दृष्टीही गेली नव्हती. तीस वर्षं ती गॅरेज चालवत होती. गाडीला जादू चालत नाही हे लोकांना समजावून समजावून तिचं तोंड दुखलं होतं. आज यायचीही इच्छा नव्हती. पण तीन आठवड्यांपूर्वी, इथेच गाडी पळवणाऱ्या इवासेची गाडी तिच्या दारात ओढून आणली होती. इंजिन भाजून निघालेलं. भर वेगात पाण्याचा पाइप फुटला, पाणी त्याच्याच चाकांखाली आलं, गाडी भिंतीवर गेली आणि इवासेच्या मांडीचं हाड मोडलं. "काटा शेवटपर्यंत मधोमध होता," तो दवाखान्यात शपथेवर सांगत होता. "श्रद्धा कमी पडली," असा निवाडा गुरुजींनी दिला. तोमोएने त्याच्या गाडीतली पुरचुंडी उसवून पाहिली, आणि मग तिला घरी बसवेना.

लाल गाडी शुंपेईची होती. पोस्टात काम करणारा, तिचं जुनं गिऱ्हाईक. त्याने हेल्मेट चढवलं.

"शुंपेई, थांब."

"काकू, काटा बघा ना! मधोमध!"

"इवासेचाही मधोमधच होता."

शुंपेईचा हात हेल्मेटच्या पट्ट्यावरच राहिला. तोमोए उठली. व्हॅनशेजारी शेवयांसाठी शेगडीवर पाण्याचं पातेलं खदखदत होतं, ते तिने शेगडीसकट गाडीपाशी आणवलं.

"हे पाणी किती अंशांवर आहे?"

"उकळतंय म्हणजे शंभर. शाळेतलं पोरही सांगेल," कुणीतरी म्हणालं.

इंजिनातल्या पाण्याची उष्णता काट्याला कळवणारा एक अंगठ्याएवढा भाग असतो. तसाच नवा तिने खिशातून काढला, काट्याची वायर आधी सरळ त्याला जोडली, दुसरी वायर गाडीच्या पत्र्याला लावली, आणि तो पातेल्यात बुडवला. काटा चढत चढत लाल रेघेला टेकला. मग तिने मध्ये जांभळी पुरचुंडी जोडली. काटा उतरून मधोमध आला.

पातेलं मात्र तसंच खदखदत होतं.

"बघा, पाणीसुद्धा शांत झालं!" गुरुजी पटकन म्हणाले.

"झालं ना? मग बुडवा बोट."

गुरुजींनी हात झग्याच्या बाहीत घातला. "बाई, देवाची परीक्षा घेऊ नये."

"देवाची कोण घेतंय? तुमची घेतेय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तोमोएने कात्रीने पुरचुंडी उसवली. आत रेडिओत असतो तसा रंगीत पट्ट्यांचा चिमुकला रोधक होता. "ह्याच्यामुळे वायरीतली वीज कमी होते, म्हणून काटा खाली येतो. पाण्याला याचा पत्ताही नसतो."

"मग काकू, माझी गाडी तापते कशाने?" शुंपेईचा आवाज बारीक झाला होता.

"गर्दीत तापते का वेगात?"

"वेगातच. गर्दीत ठीक असते."

"म्हणजे उभ्या गाडीत पंखा पुरतो. पाण्याचा पंप आणि झडप मी जूनमध्येच तपासलेत. उरली वाऱ्याची वाट." ती वाकली. टर्बोची हवा गार करायला बसवलेला मोठा जाळीदार डबा, पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरच्या तोंडावरच होता, आजूबाजूला हातभर फटी. "वारा सोपी वाट धरतो, बाजूने निघून जातो. आणि बॉनेट मागून उचललंस ते कशाला?"

"गरम हवा बाहेर जावी म्हणून."

"वेगात काचेवर आदळलेला वारा तिथूनच आत घुसतो आणि गरम हवा कोंडतो."

तिने बॉनेट खाली बसवलं, पत्र्याचे तुकडे कापून फटी बुजवल्या. दुपारी शुंपेई वीस मिनिटं पळवून आला. तिने लावलेल्या वेगळ्या तापमापकावर ब्याण्णव अंशच होते, इंजिनाला सहज सोसतील एवढे.

गुरुजी केव्हाच पसार झाले होते. निम्म्यांनी पुरचुंड्या काढून टाकल्या. बाकीचे घोळका करून म्हणत होते, "ती एक खोटी असेल, आमची खरी आहे." तोमोएने ते ऐकलं. वाद घालायचं त्राण नव्हतं, तरी ती त्यांच्याकडे गेली.

"माझंही खरं मानू नका. पातेलं तिथे आहे, कात्री ही घ्या. आपापली उसवा."

कुणी पुढे आलं नाही. बऱ्याच वेळाने एक म्हातारे गृहस्थ आले आणि त्यांनी कात्री मागितली.

"काकू," शुंपेई हळूच म्हणाला, "ती लावल्यावर मनाला फार बरं वाटायचं हो."

"मनाला बरं वाटायला देवळात जा, मीही जाते. पण गाडीत बसण्याआधी एवढंच विचार, की थंड काय झालं? पाणी, की नुसता काटा?"